विमानतळावरील स्लीपिंग पॉड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन उड्डाणांच्या मध्ये सहा-आठ तास मोकळे असतात, शहरातले हॉटेल गाठावे तर वेळ पुरत नाही आणि खुर्चीवर बसून रात्र काढावी तर अंग आंबून जाते. अशा प्रवाशांसाठी आता अनेक मोठ्या विमानतळांवर तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळणारे स्लीपिंग पॉड आहेत. त्यांच्याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. पॉडची गादी कशी आहे यापेक्षा तो विमानतळाच्या कोणत्या भागात आहे आणि झोपेसाठी प्रत्यक्षात किती वेळ उरतो, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, म्हणून त्यांबाबतची उत्तरे मुद्दाम विस्ताराने लिहिली आहेत.

स्लीपिंग पॉड म्हणजे नेमके काय?

विमानतळाच्या आवारातच, बहुधा टर्मिनलच्या इमारतीत, ठरावीक तासांसाठी मिळणारी झोपण्यापुरती जागा म्हणजे स्लीपिंग पॉड. या एकाच नावाखाली तीन बऱ्याच वेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्यांतली कोणती आपल्या वाट्याला येणार आहे हे आरक्षणापूर्वी पाहिले नाही, तर पोहोचल्यावर हिरमोड होतो. पहिला प्रकार म्हणजे जवळजवळ आडवी होणारी खुर्ची, जिच्यावर सरकते आवरण ओढून घेता येते. फिनलंडच्या गोस्लीप कंपनीचे असे पॉड २०१३ मध्ये अबू धाबीच्या विमानतळावर बसवण्यात आले. दुसरा प्रकार म्हणजे एकावर एक रचलेल्या कप्प्यांपैकी एक कप्पा. तो साधारण दोन मीटर लांब आणि सुमारे एक मीटर रुंद व तितकाच उंच असतो. त्यात उठून बसता येते, उभे राहता येत नाही. तोक्योजवळच्या नारिता विमानतळावरील ‘नाइन अवर्स’ हे या प्रकाराचे उदाहरण आहे. तिसरा प्रकार म्हणजे दार असलेली छोटी खोली. म्युनिक विमानतळावरील नॅपकॅब जेमतेम चार चौरस मीटरची असते आणि तिच्यात पलंग व टेबल मावते, तर योटेल या हॉटेल साखळीच्या केबिनमध्ये स्वतंत्र स्नानगृहही असते. भाड्यातला फरक मुख्यतः या प्रकारांतून येतो.

ही कल्पना कधीपासून रूढ झाली?

कप्प्यांचे पहिले हॉटेल १९७९ मध्ये ओसाका शहरात सुरू झाले. ‘कॅप्सूल इन ओसाका’ या नावाच्या त्या हॉटेलची रचना किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराने केली होती आणि त्याचा मुख्य ग्राहक होता शेवटची लोकल चुकलेला नोकरदार. विमानतळांनी ही कल्पना बरीच उशिरा उचलली. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २००७ मध्ये पहिले योटेल उघडले, २००८ पासून म्युनिकमध्ये नॅपकॅब दिसू लागल्या, २००९ मध्ये अटलांटाच्या विमानतळावर ‘मिनिट स्वीट्स’ या नावाच्या छोट्या खोल्या सुरू झाल्या आणि २०१४ मध्ये नारिताचे कॅप्सूल हॉटेल आले. शेवटची लोकल चुकलेला नोकरदार आणि पुढच्या विमानाची वाट पाहणारा प्रवासी यांची गरज तशी एकच आहे.

पॉडच्या आत काय काय असते?

कप्प्याच्या प्रकारात गादी, उशी, पातळ रजई किंवा चादर, डोक्याशी एक दिवा, हवेचा झरोका, चार्जिंगचा सॉकेट आणि चष्मा-फोन ठेवण्यापुरती फळी एवढेच असते. दाराऐवजी बहुधा खालपर्यंत ओढायचा पडदा असतो. आत शिरताना आधी गुडघा टेकवावा लागतो आणि मग वळून पाय आत घ्यावे लागतात. एकदा आडवे झाल्यावर बॅगेतली एखादी वस्तू हवी झाली, की पुन्हा सगळी कसरत करून बाहेर यावे लागते. म्हणून पाण्याची बाटली, चार्जर, कानातले बोळे आणि औषधे आधीच फळीवर काढून ठेवावीत.

दिव्याचे बटण कोठे आहे, हवेचा झोत कमी-जास्त कसा करायचा आणि पडदा आतून कसा अडकतो, हे दिवा चालू असतानाच पाहून घ्यावे. प्रत्येक ठिकाणी ते वेगळे असते आणि अंधारात चाचपडताना शेजाऱ्याची झोप हमखास मोडते. आवाजाच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. उद्घोषणा बहुतेक ठिकाणी आत ऐकू येत नाहीत, परंतु शेजारच्या कप्प्यातली बॅगेची चेन, मार्गिकेतून जाणारी चाके आणि कोणाचा तरी तीन वेळा वाजून बंद केलेला गजर हे सारे स्पष्ट ऐकू येते. दार असलेल्या केबिनमध्ये हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी जास्तीचे पैसे तेथेच खर्च करावेत.

किती तासांचा लेओव्हर (दोन उड्डाणांमधला थांबा) असेल तर पॉड घेणे परवडते?

तिकिटावर दिसणारे तास आणि झोपेचे तास यांत मोठी तफावत असते. समजा विमान रात्री ११ वाजता उतरते आणि पुढचे उड्डाण सकाळी ६ वाजता आहे. कागदावर हे सात तास आहेत. विमान थांबून आपल्या रांगेची बाहेर पडण्याची पाळी येईपर्यंत ११.२५ होतात. ट्रान्झिटची, म्हणजे विमान बदलणाऱ्या प्रवाशांची, सुरक्षा तपासणी आटोपते तेव्हा ११.५५ झालेले असतात. मोठ्या टर्मिनलमध्ये चालत किंवा आतल्या गाडीने पॉडपर्यंत जाणे, पासपोर्ट दाखवणे, पैसे भरणे यांत १२.२० होतात, आणि तोंड धुऊन, सामान लावून प्रत्यक्ष डोळा लागायला १२.५० तरी उजाडतात. दुसऱ्या टोकाला, आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे बोर्डिंग साधारण ४० ते ६० मिनिटे आधी सुरू होते आणि बऱ्याच कंपन्या सुटण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी गेट बंद करतात. म्हणजे गेटपर्यंत जाण्याचा वेळ धरून ४.४० ला पॉड सोडायचा, तर ४.२० ला उठायला हवे. सात तासांतून हाती राहिली ती साडेतीन तासांची झोप, आणि तीही पहिले विमान वेळेवर आले तर.

या हिशेबाने सहा तासांपेक्षा कमी लेओव्हर असल्यास पॉडचा विचार फार तर डुलकीसाठी करावा. सात ते बारा तासांचा टप्पा पॉडसाठी सर्वांत योग्य आहे. त्याहून अधिक वेळ असेल आणि देशात प्रवेश करण्याची परवानगी असेल, तर साधे हॉटेल बहुतेक वेळा अधिक आरामाचे पडते आणि पॉडचे तासागणिक वाढणारे भाडे पाहता कधी कधी स्वस्तही.

तास मोजताना ते आपल्या शरीराच्या घड्याळात कोठे पडतात, हेही पाहावे. आपण जेथून निघालो तेथील पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली येते आणि जागे राहणे सर्वांत अवघड जाते. त्या वेळेत पडणारा पाच तासांचा लेओव्हरसुद्धा पॉडला सार्थकी लावतो. उलट आपल्या शरीराच्या हिशेबाने संध्याकाळचे सात वाजले असतील, तर स्थानिक घड्याळात मध्यरात्र असली तरी गादीवर नुसते छताकडे पाहत पडावे लागते.

पॉड ‘एअरसाइड’ आहे की ‘लँडसाइड’, याला इतके महत्त्व का?

कारण एअरसाइड म्हणजे सुरक्षा तपासणीच्या आतला भाग आणि लँडसाइड म्हणजे तिच्या बाहेरचा, कोणालाही येता येणारा भाग. आंतरराष्ट्रीय प्रवासात या दोहोंच्या मध्ये इमिग्रेशनची खिडकी असते. पॉड लँडसाइडला असेल आणि आपल्याकडे त्या देशाचा व्हिसा नसेल, तर तो पॉड आपल्यासाठी अस्तित्वातच नाही, मग आरक्षणाचे पैसे भरलेले असोत वा नसोत. आरक्षणाच्या संकेतस्थळावर केवळ ‘विमानतळावर’ एवढेच लिहिलेले असते आणि सर्वाधिक पैसे बुडतात ते याच एका शब्दावर विसंबून.

काही उदाहरणे पाहिली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येईल. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरील योटेलएअर (योटेलचेच विमानतळावरील हॉटेल) ‘ज्वेल’ या इमारतीत आहे आणि ती इमारत लँडसाइडला येते. तेथे जायचे तर इमिग्रेशन पार करावे लागते. इमिग्रेशन न ओलांडणाऱ्या प्रवाशांसाठी त्याच विमानतळाच्या टर्मिनलांमध्ये वेगळी ट्रान्झिट हॉटेले आहेत. इस्तंबूल विमानतळावरील योटेलचे तर दोन भाग आहेत, एक एअरसाइडला आणि एक लँडसाइडला, आणि आरक्षण करताना योग्य भाग निवडण्याची जबाबदारी प्रवाशावर असते. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरील योटेलएअर टर्मिनल २ई च्या आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट भागात आहे. म्हणून ते एअरसाइडला असले, तरी वेगळ्या टर्मिनलमधून युरोपातल्याच दुसऱ्या शहराकडे निघालेल्या प्रवाशाला त्याचा उपयोग होईलच असे नाही.

म्हणून आरक्षणापूर्वी तीन गोष्टी या क्रमाने तपासाव्यात : पॉड कोणत्या टर्मिनलमध्ये आहे, तो इमिग्रेशनच्या कोणत्या बाजूला आहे, आणि आपले उतरण्याचे व पुढे निघण्याचे टर्मिनल त्या भागाशी आतल्या आत जोडलेले आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर स्पष्ट मिळत नसेल, तर पॉडच्या व्यवस्थापनाला आपले दोन्ही उड्डाण क्रमांक ईमेलने कळवून विचारावे. उड्डाण क्रमांक दिल्यावर मिळणारे उत्तर सर्वसाधारण उत्तरापेक्षा बरेच भरवशाचे असते.

ट्रान्झिटमध्ये असताना व्हिसा लागतो का?

हे देश, पासपोर्ट आणि तिकीट या तिन्हींवर अवलंबून आहे. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय प्रवाशांना इमिग्रेशन न ओलांडता थांबता येईल असा ट्रान्झिट विभाग सर्वसाधारणपणे नाही. पुढचे विमान दुसऱ्या देशाचे असले तरी इमिग्रेशन पार करावेच लागते आणि त्यासाठी व्हिसा किंवा तत्सम परवानगी आधीच हवी. शेंगेन देशांत (आपसांतील सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) बाहेरून येऊन दुसऱ्या शेंगेन शहराकडे जायचे असेल, तर पहिल्याच विमानतळावर प्रवेशाची तपासणी होते. काही राष्ट्रीयत्वांच्या प्रवाशांना तर शेंगेन विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागात नुसते थांबण्यासाठीही विमानतळ ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. हे नियम बदलत असतात, त्यामुळे ते संबंधित दूतावासाच्या किंवा विमान कंपनीच्या अधिकृत पानावरच पाहावेत. ओळखीच्या कोणी मागच्या वर्षी असा प्रवास केला होता, हा पुरावा होत नाही.

चेक-इन केलेल्या बॅगांचे काय होते?

दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील, तर बहुधा बॅगा थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जातात आणि आपण मोकळ्या हाताने पॉडकडे जाऊ शकतो. चेक-इन करताना बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या शहराचे तीन अक्षरी संकेतचिन्ह आहे का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

दोन वेगळी तिकिटे काढलेली असतील, तर चित्र पालटते. बॅग पट्ट्यावरून घ्यावी लागते, म्हणजेच इमिग्रेशन आणि कस्टम पार करून लँडसाइडला यावे लागते, आणि पुढच्या कंपनीचा काउंटर उघडेपर्यंत ती आपल्यापाशीच राहते. हे काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तीन-चार तास आधी उघडतात. अशा प्रवाशाने एअरसाइडचा पॉड आधी आरक्षित करून ठेवला, तर अर्धा लेओव्हर तो पॉडपर्यंत पोहोचूच शकत नाही. त्याला सामान ठेवण्याची सोय असलेला लँडसाइडचा पॉडच सोयीचा पडतो. मोठी बॅग कप्प्यात मावत नाही. ती कोठे ठेवली जाईल आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का, हे आधी विचारावे.

आधी आरक्षण करावे, की पोहोचल्यावर पाहावे?

रात्रीच्या उड्डाणांची गर्दी असलेल्या विमानतळांवर मध्यरात्रीनंतरचे पॉड लवकर भरतात, म्हणून रात्रीसाठी आधी आरक्षण करणे चांगले. दिवसाच्या डुलकीसाठी पोहोचल्यावर विचारले तरी बहुधा जागा मिळते.

आरक्षण करताना तारखेत गफलत होते. विमान १४ तारखेला रात्री ११.३० ला उतरत असेल, तर पॉडमध्ये शिरण्याची वेळ १५ तारखेची आहे. अनेक जण सवयीने १४ तारीख निवडतात आणि त्यांचे आरक्षण ते पोहोचण्याच्या जवळपास चोवीस तास आधीच संपलेले असते. दुसरे म्हणजे सुरुवातीची वेळ विमान उतरण्याची न टाकता, तिच्यात किमान एक तास मिळवून टाकावी. अन्यथा आपण सुरक्षेच्या रांगेत उभे असताना भाड्याचे घड्याळ चालू झालेले असते. विमानाला उशीर झाल्यास वेळ पुढे सरकवून मिळेल का, हे आरक्षणाच्या अटींमध्ये शोधावे. भाडे थोडे जास्त असले तरी ही सवलत देणारे आरक्षण घ्यावे, असे माझे मत आहे, कारण पहिले विमान उशिरा येणे ही काही दुर्मीळ घटना नाही.

भाडे कसे आकारले जाते?

बहुतेक ठिकाणी किमान दोन, तीन किंवा चार तासांचे भाडे एकदम घेतात आणि पुढे प्रत्येक तासाचे वेगळे. पूर्ण रात्रीचा ठोक दर असेल तर तो तासांच्या बेरजेपेक्षा कमी असतो, म्हणून दोन्ही आकडे मांडून पाहावेत. रात्री ११ ते सकाळी ६ च्या वरच्या उदाहरणात पॉडमध्ये घालवलेला वेळ १२.२० ते ४.४० असा चार तास वीस मिनिटे होतो. चार तासांचे भाडे भरले असेल तर शेवटच्या वीस मिनिटांसाठी पूर्ण तासाचे पैसे द्यावे लागण्याची शक्यता असते. आंघोळ, टॉवेल आणि सामान ठेवणे यांचा समावेश दरात आहे की नाही, कर धरला आहे की नाही, हे शेवटच्या पानावरच कळते. कर्मचारी नसलेल्या, केवळ पडद्यावर बोटे टेकवून उघडणाऱ्या केबिनांना कार्डच लागते, रोख चालत नाही.

पॉडमध्ये किती वेळ झोपणे चांगले?

झोपेचे एक आवर्तन ढोबळमानाने ९० मिनिटांचे असते आणि त्याच्या मधल्या टप्प्यात झोप सर्वांत गाढ होते. त्या गाढ टप्प्यात गजर झाला तर माणूस उठतो, पण भानावर येत नाही. डोके जड राहते, निर्णय चुकतात आणि ही सुस्ती अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक टिकू शकते. नेमक्या याच अवस्थेत प्रवाशाला सामान आवरून, योग्य गेट शोधून, वेळेत पोहोचायचे असते. म्हणून झोप एकतर वीस-पंचवीस मिनिटांची घ्यावी, किंवा दीड, तीन, साडेचार तास अशा टप्प्यांची. तासाभराची झोप ही सर्वांत वाईट निवड. अर्थात आवर्तनाची लांबी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे हे हिशेब मिनिटावर आणण्यात अर्थ नाही. गजर आणि पॉड सोडण्याची वेळ यांच्यात वीस मिनिटे राखून ठेवणे अधिक उपयोगाचे.

छोट्या डुलकीला कमी लेखू नये. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना उड्डाणादरम्यान ४० मिनिटांची नियोजित विश्रांती देण्यात आली होती. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि विश्रांती न मिळालेल्या सहकाऱ्यांपेक्षा पुढच्या टप्प्यात अधिक सतर्क राहिले.

नव्या जागी लवकर झोप लागत नाही, ही तक्रार खरी आहे. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की अपरिचित जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा अधिक जागा राहतो आणि अनोळखी आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. पॉडमधली प्रत्येक झोप ही पहिल्याच रात्रीची झोप असते, त्यामुळे घरच्या झोपेइतका ताजेपणा तिच्याकडून मागू नये. कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी यांचा फायदा येथे इतर कोठल्याही जागेपेक्षा जास्त होतो. कॉफीचे सांभाळावे : शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात, म्हणजे पहिल्या विमानात शेवटी दिलेला कप पॉडमध्येही आपल्या सोबत असतो.

खुर्चीवर डुलक्या घेण्यापेक्षा आडवे होणे खरोखर वेगळे असते का?

होय. बसून घेतलेली झोप मान, कंबर आणि पाय यांच्यामुळे वारंवार तुटते. शिवाय लांब प्रवासात पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही विचारात घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार चार तास किंवा अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासात हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसाच्या बाबतीत मूळ धोकाच फार कमी असतो, सुमारे सहा हजारांत एक, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु दोन लांब उड्डाणांच्या मध्ये पुन्हा सहा तास बसूनच राहणे शहाणपणाचे नव्हे. विमानातून उतरल्यावर आधी दहा-पंधरा मिनिटे चालावे आणि मग आडवे व्हावे.

वेळेवर जाग येईल याची खात्री कशी करावी?

पॉडमध्ये शिरणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत गांभीर्याने घ्यायला हवा, कारण येथे उठवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. विमान कंपनीला आपण कोठे झोपलो आहोत हे माहीत नसते, उद्घोषणा आत पोहोचत नाही, आणि अनेक विमानतळ तर गोंगाट टाळण्यासाठी बोर्डिंगच्या उद्घोषणा मुळातच करत नाहीत. गेटवर वेळेत न पोहोचलेल्या प्रवाशाची बॅग विमानातून उतरवली जाते आणि विमान निघून जाते.

फोनच्या घड्याळावर आंधळा विश्वास ठेवू नये. फोन विमान मोडमध्येच राहिला असेल, तर तो आधीच्या शहराचीच वेळ दाखवत असतो, आणि झोपेत असताना त्याला नेटवर्क मिळाले तर तो आपोआप स्थानिक वेळेवर उडी मारतो. दोन्ही स्थितींत गजर भलत्याच क्षणी वाजू शकतो. यावरचा सोपा उपाय म्हणजे गजराऐवजी टायमर लावणे. ‘तीन तास तीस मिनिटांनी’ या सूचनेला कोणत्याही देशाच्या वेळेशी देणेघेणे नसते. त्यासोबत मनगटी घड्याळाचा किंवा दुसऱ्या उपकरणाचा गजर लावावा. कप्प्यात झोपत असाल, तर आवाजापेक्षा कंपन बरे. फोन उशीखाली न ठेवता उशीच्या खोळीत सरकवावा, म्हणजे तो घसरून गादीच्या फटीत जात नाही. फोन झोपण्यापूर्वीच पुरेसा चार्ज करून घ्यावा. पॉवर बँकही गादीवर किंवा चादरीखाली चार्ज होत ठेवू नये, ती तापते.

काउंटरवरील कर्मचारी उठवण्याची सेवा देत असतील तर ती जरूर घ्यावी, पण ती तिसरा आधार म्हणून. आणि उठल्यावर पहिले काम तोंड धुण्याचे नव्हे, तर फलकावर गेट पाहण्याचे; झोपताना पाहिलेला गेट क्रमांक तीन तासांत बदललेला असू शकतो.

सामान आणि मौल्यवान वस्तू सुरक्षित राहतात का?

दार असलेल्या केबिनला कुलूप असते. पडदा असलेल्या कप्प्याला बहुधा नसते, आणि त्यामागे आग लागल्यास माणसाला झटकन बाहेर पडता यावे, हा विचार आहे. अशा ठिकाणी वेगळे लॉकर दिलेले असते. लॅपटॉप आणि कॅमेरा लॉकरमध्ये ठेवावा, मात्र पासपोर्ट, बोर्डिंग पास, पैसे आणि औषधे अंगावर किंवा हाताच्या अंतरावर असावीत, कारण लॉकरची किल्ली किंवा क्रमांक विसरून ऐनवेळी धावपळ झाल्यास निदान विमान तरी पकडता येते. आत शिरल्याबरोबर आपत्कालीन दार कोणत्या बाजूला आहे, हे पाहून ठेवण्यास अर्धे मिनिट पुरते.

एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था असते का?

अनेक कॅप्सूल हॉटेलांत स्त्रिया आणि पुरुष यांचे विभाग, लॉकर आणि स्नानगृहे वेगवेगळी असतात. नारिताचे नाइन अवर्स तसेच आहे. मिश्र विभाग असलेल्या ठिकाणी दाराची केबिन घेणे किंवा काउंटरजवळचा कप्पा मागून घेणे इष्ट. मागितला तर तो बहुधा मिळतो.

बंदिस्त जागेची भीती, घोरणे किंवा आजार असल्यास काय करावे?

लिफ्टमध्ये किंवा एमआरआयच्या यंत्रात ज्यांचा जीव घुसमटतो, त्यांनी कप्प्याच्या वाटेला जाऊ नये. पैसे भरण्यापूर्वी एखादा रिकामा कप्पा दाखवण्याची विनंती करावी. गुडघेदुखी असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि रात्री वारंवार उठावे लागणाऱ्यांनी खालचाच कप्पा मागावा. वरच्याला शिडी असते. झोपेत श्वास अडखळत असल्यामुळे सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी सॉकेट कोणत्या प्रकारचा आहे आणि यंत्र ठेवण्यास जागा आहे का, हे आधी विचारावे. घोरण्याचे काय करायचे, याला माझ्यापाशी एकच उत्तर आहे : आपण घोरतो हे ठाऊक असेल तर केबिन घ्यावी.

मुलांना सोबत नेता येते का?

कप्प्यांच्या हॉटेलांत लहान मुलांना बहुधा प्रवेश नसतो आणि एका कप्प्यात एकच व्यक्ती झोपू शकते. कुटुंबासाठी दुहेरी पलंगाची केबिन किंवा ट्रान्झिट हॉटेलची खोली पाहावी. वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते.

लाउंज किंवा मोफत विश्रांतीची जागा असताना पॉडला पैसे का मोजावेत?

दर वेळी मोजू नयेत. चांगी आणि सोलच्या इंचॉन विमानतळावर कोणत्याही प्रवाशाला मोफत पहुडता येईल अशा आरामखुर्च्यांच्या जागा आहेत. दोहाच्या हमाद विमानतळावर स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी वेगळ्या शांत खोल्या आहेत. तीन-चार तासांसाठी या जागा पुरेशा असतात, अडचण एवढीच की त्या रात्री लवकर भरतात आणि तेथे सामानावर लक्ष ठेवत झोपावे लागते. लाउंजमध्ये खाणे, आंघोळ आणि इंटरनेट मिळते, पण दिवे चालू असतात आणि अनेक लाउंज तीन तासांहून अधिक थांबू देत नाहीत. म्हणून भूक लागलेल्याने लाउंज घ्यावे, झोप आलेल्याने पॉड. दोन्ही असेल तर आधी बाहेर जेवून मग पॉडमध्ये जावे, कारण पॉडमध्ये खाण्यास सहसा मनाई असते.

विमान कंपनीमुळे उशीर झाल्यास पॉडचे पैसे परत मिळतात का?

लेओव्हर तिकिटातच ठरलेला असेल, तर खर्च आपलाच. मात्र उड्डाण रद्द झाल्यामुळे किंवा मोठ्या विलंबामुळे रात्र काढावी लागली, तर अनेक ठिकाणी कायदा प्रवाशाच्या बाजूने आहे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार संघातील विमानतळावरून निघणाऱ्या सर्व आणि संघात येणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या उड्डाणांसाठी, रात्रीचा मुक्काम आवश्यक झाल्यास हॉटेल, तेथे जाण्या-येण्याची सोय आणि खाणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. खराब हवामानासारखे कारण असले तरी ही जबाबदारी संपत नाही. व्हिसा नसल्यामुळे प्रवाशाला बाहेरच्या हॉटेलात जाता येत नसेल, तर एअरसाइडचा पॉड किंवा ट्रान्झिट हॉटेल द्यावे, अशी मागणी कंपनीच्या काउंटरवर स्पष्ट शब्दांत करावी. स्वतः पैसे भरावे लागले, तर पॉडची पावती आणि विलंबाचा पुरावा जपून ठेवावा.

ऐनवेळी पॉड मिळाला नाही तर?

पुढच्या उड्डाणाच्या गेटकडे न जाता, सकाळी लवकर उड्डाणे नसलेल्या गेटांच्या रांगेत जागा शोधावी. तेथे रात्री वर्दळ कमी असते आणि हात नसलेली बाके मिळण्याची शक्यता जास्त. मात्र रात्री ट्रान्झिटचा भाग बंद करून प्रवाशांना बाहेर काढणारे विमानतळही आहेत, तेव्हा बाकावर पाय पसरण्यापूर्वी सुरक्षा कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे. बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळावा, टायमर लावावा आणि अंगावर जाकीट घ्यावे; वातानुकूलनामुळे टर्मिनलमध्ये रात्री गारठा जाणवतो.